पावसात, त्या पोरीला घेऊन?

“एवढ्या पावसात त्या पोरीला घेऊन कर्जत स्टेशनवर काय करता हो तुम्ही?”

जिन्यात भेटणारे शेजारी विचारतात, लोकलमधल्या ओळखीच्या बायका विचारतात. सासूबाई विचारत नाहीत. दोरीवर वाळत घातलेले इवले इवले कपडे बघून फक्त “जाऊन आलात वाटतं,” म्हणतात. एका वाक्यात सांगायचं तर आम्ही गाड्या बघतो. पण एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही. गाड्या काय, आपल्या बदलापूरलाही दिसतात, आणि बघायच्याच तर डिसेंबरात बघा ना, असं ऐकावं लागतंच. तुम्ही विचारलंत म्हणून आता सविस्तर सांगते.

लेक अजून तीन वर्षांची व्हायचीय. घरात कुणी रेल्वेत नाही, हे खूळ तिचं स्वतःचं. बोलायला लागल्यापासून इंजिन म्हणजे इंजिन. लोकलला पुढे इंजिन नसतं, म्हणून लोकल तिच्या लेखी गाडीच नाही. लोकल म्हणजे गाडी बघायला जाण्याचं साधन.

बदलापूरला सकाळी फलाटावर पाय ठेवायला जागा नसते. शिवाय बहुतेक मेल-एक्स्प्रेस तिथे न थांबता भरधाव निघून जातात. फलाटालगतून गाडी गेली की वाऱ्याचा झोत मोठ्या माणसालाही दोन पावलं मागे सरकवतो, पावसात तर तोंडावर पाण्याचा फवाराही बसतो. कडेवरचं मूल दचकतं आणि त्याला धरलेली आईही. लहान मुलाला गाड्या दाखवायच्या तर गाडी हळू येते, थांबते आणि हळू निघते अशी जागा हवी. कर्जतला हे आयतं मिळतं, आणि ते पुण्याच्या वाटेवरच्या बोरघाटामुळे.

1863 पासून गाड्या हा घाट चढताहेत. चढ एकास सदतीस, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. गाडीरस्त्याच्या हिशेबाने हे काहीच नाही, पण लोखंडी चाकाला लोखंडी रुळावर एवढा चढ पुष्कळ होतो. म्हणून मुंबईकडून पुण्याला जाणाऱ्या जवळजवळ सगळ्या एक्स्प्रेस कर्जतला थांबतात आणि मागच्या टोकाला जादा इंजिनं लावून घेतात. रेल्वेवाले त्यांना बँकर म्हणतात, आमच्या घरात ती ‘ढकलइंजिनं’ आहेत. लोणावळ्यापर्यंत ती मागून रेटत नेतात. पुढेच जास्त इंजिनं लावली तर सगळ्या गाडीचं ओझं पुढच्या कपलिंगांवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांवर, येतं. मागून रेटलं की ते वाटलं जातं. आणि घाटात एखादं कपलिंग तुटलंच, तर सुटलेले डबे उतारावरून घरंगळत येऊ नयेत म्हणूनही मागे इंजिन हवं. लोणावळ्याला काम संपलं की ही इंजिनं एकमेकांना जोडून, एकही डबा न घेता, खाली कर्जतला परतात. नुसत्या इंजिनांची गाडी! ती दिसली की आमच्याकडे पाच मिनिटं दुसरं काही बोललंच जात नाही.

कर्जतला उतरल्यावर मी फलाट तिकीट काढते. दहा रुपये, मुदत दोन तास. पाच वर्षांखालच्या माणसाला तिकीट लागत नाही. दोन तास ही मर्यादा रेल्वेने घातलेली असली तरी आमच्या लेकीच्याही अंगात तेवढीच ताकद असते, त्यामुळे कुणाची तक्रार नाही. आम्ही मुंबईकडच्या टोकाला बसतो, कारण बँकर तिकडे लागतो. अगदी टोकाला पत्रा नसतो, म्हणून पत्रा संपतो त्याच्या थोडं अलीकडचं बाक.

गाडी येते, करकरत थांबते. शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी पिवळी फुली असते. लेक अक्षर ओळखत नाही, फुली ओळखते. मग मागून, माणूस चालेल त्याहूनही हळू, दिवे लावलेली इंजिनं येतात. रेनकोट घातलेला पॉइंट्समन, म्हणजे गाड्या जोडणारा रेल्वेचा माणूस, रुळाशेजारी उभा राहून हाताने खुणा करतो: ये, ये, अजून, थांब. मधे हातभर जागा उरते, तिथे क्षणभर सगळं थांबतं. मग खण्णकन आवाज होतो आणि सगळी गाडी किंचित हलते. दारात वडा खात उभा असलेला प्रवासी दांडी धरतो. पॉइंट्समन वाकून मधे शिरतो, ब्रेकच्या हवेचे पाइप जोडतो, फुस्स होतं. तोवर पिवळी फुली इंजिनाच्या नाकाआड गेलेली असते. लेक जाहीर करते, “फुली गेली!” यानंतर लांबवर पुढचं इंजिन शिट्टी देतं आणि आमच्या शेजारचं उत्तर देतं. हे उत्तर फार मोठं असतं. ती दोन्ही कानांवर हात ठेवते, डोळे मिटते, आणि शिट्टी संपली की हात काढून म्हणते, “अजून.”

सकाळी मुंबईहून सुटलेल्या डेक्कन एक्स्प्रेस, उद्यान, कोयना एकामागून एक येतात, त्यामुळे दोन तासांत हा सोहळा पुन्हा पुन्हा होतो.

आता पावसाचं.

लोकांना वाटतं की पाऊस असूनही आम्ही जातो. खरं तर पाऊस असतो म्हणून जातो. कोरड्या दिवशी इंजिन येतं, लागतं, जातं. पावसात त्याला कष्ट पडताना दिसतात. मुसळधार पावसापेक्षा भुरभुर पाऊस रुळाला वाईट. रुळावर धुळीचा नि तेलाचा जो पातळ थर असतो तो जोराच्या सरीत धुऊन तरी निघतो, भुरभुरीत नुसता ओला होतो आणि चाकाची पकड जाते. त्यासाठी इंजिनाच्या चाकांपुढे बारीक नळ्या असतात, त्यांतून रुळावर वाळू सोडतात. ही वाळू मी आधी ऐकून होते, पाहिली लेकीमुळे. ती बुटकी असल्यामुळे तिची नजर चाकांच्या पातळीवर असते. वर पंचवीस हजार व्होल्टची तार, ओल्या हवेत तिला टेकलेल्या, इंजिनाच्या टपावरच्या पँटोग्राफशी मधूनच निळी ठिणगी चटकते. आणि वायपर! इंजिनाला वायपर असतात हा आमच्या आयुष्यातला मोठा शोध. बसला असतात, रिक्षाला असतो, इथवर ठीक होतं, पण इंजिनालाही? ड्रायव्हरसाहेबांनी एकदा तिच्याकडे बघून ते मुद्दाम जोरात फिरवले, तेव्हापासून प्रत्येक इंजिनाकडून तीच अपेक्षा असते.

दुसरं म्हणजे उशीर. पावसाळ्यात घाटात गाड्या जपून चालवतात. उन्हाळ्यात कामगार कड्यांवर चढून सैल झालेले दगड पाडून ठेवतात, पावसात गस्तवाले रुळांवरून पायी फिरतात, तरी दरडीची धास्ती असतेच. म्हणजे उशीर आलाच. फलाटावर सगळ्यांच्या कपाळाला आठ्या, जो तो मोबाईलवर गाडी कुठवर आलीय ते बघतोय, आणि आम्ही मजेत, कारण आम्हाला कुठे जायचंच नसतं. गाडी अर्धा तास लेट म्हणजे आम्हाला अर्धा तास पत्र्यावरचा पाऊस ऐकायला मिळतो, आणि लेट झालेल्या गाड्या मागोमाग आल्या की दोन बँकर पाठोपाठ लागताना बघायला मिळतात. “मोबाईलवर व्हिडिओ लावून द्या की,” असं सांगणाऱ्यांना माझं उत्तर हेच: व्हिडिओतली गाडी बोट लावलं की येते. माझी लेक घरी वरण-भाताला दोन मिनिटं थांबत नाही, तीच इथे ओल्या बाकावर सिग्नलकडे डोळे लावून बसते. मी तिला थांबायला शिकवायचा बराच खटाटोप केला होता, तो रेल्वेने परस्पर करून टाकला.

“बरोबर काय काय नेता?” हा आयांचा प्रश्न. बाकावर टाकायला मेणकापड, पुसायला पंचा (टर्किश टॉवेल वाळत नाही, घेऊ नका), कपड्यांचे दोन जोड, गमबूट, तूप-गूळ-पोळीचा रोल. छत्री नाही. वाऱ्याने ती उलटी होते, तुमचा एक हात अडकतो, आणि वर तारा आहेत. दोघींना रेनकोट. गमबूट चिखलासाठी नाहीत, साठलेल्या पाण्यासाठी आहेत. लेप्टोच्या (साठलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) दिवसांत उघड्या पायाने डबक्यात उड्या मारू देणं मला पटत नाही. एवढ्यावर सामान संपतं. अवघड मामला वेगळाच आहे. डायपर सुटलेलं पण भरवसा न आलेलं मूल, गार हवा, आणि समोर बँकर लागतोय. शू आलीय हे ती कधीच वेळेत सांगणार नाही, कारण सांगितलं तर इंजिन चुकेल. म्हणून बाहेर जाताना डायपर घालायचंच. तत्त्व वगैरे घरी ठेवा.

सर्दीचं विचाराल तर तिला सर्दी होते. पाळणाघरातून आणते, तशीच तिथेही नेऊन देते. केस ओले राहू दिले नाहीत आणि पोटात गरम काही गेलं तर स्टेशनवर म्हणून वेगळी सर्दी होत नाही, असा माझा अनुभव आहे. ताप असेल तर अर्थातच आम्ही घरी.

आणखी एका गोष्टीला आम्ही घरी असतो, ती म्हणजे हवामान खात्याचा रेड अलर्ट. इथे मी अजिबात हट्ट करत नाही. बदलापूर, वांगणी, शेलू, नेरळ, हा सगळा पट्टा उल्हास नदीच्या शेजारचा. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली होती आणि हजारावर प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावं लागलं होतं. बदलापूरकराला हे कुणी सांगावं लागत नाही. भरतीचं कोष्टक मुंबईवाले बघतात, आम्ही नदी बघतो. एम-इंडिकेटर ॲपवर गाड्या रखडल्याचे मेसेज दिसायला लागले की बाल्कनीतून दिसेल तेवढंच रेल्वेदर्शन.

“मग माथेरानची छोटी गाडी का नाही दाखवत?” हे विचारणाऱ्यांच्या भावना चांगल्या असतात. 1907 पासूनची ती गाडी मलाही आवडते. पण पावसाळ्यात साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळहून वर जाणारी गाडी बंदच असते. वरती अमन लॉज ते माथेरान तेवढी चालू राहते. म्हणजे आमचा हंगाम सुरू होतो तेव्हा तिचा संपतो. शिवाय तिच्यात बसावं लागतं. लेकीला गाडीत बसण्यात रस नाही. गाडीत बसलं की इंजिन दिसत नाही, हा तिचा मुद्दा मला खोडता आलेला नाही.

वंदे भारतबद्दलही लोक हौसेने विचारतात. आम्ही एकदा संध्याकाळची सोलापूरची वंदे भारत मुद्दाम थांबून पाहिली. फेब्रुवारी 2023 मध्ये ती सुरू झाली तेव्हा बँकर न घेता घाट चढते याचंच कौतुक झालं होतं. तिला वेगळं इंजिन नसतं, मोटारी डब्यांखालीच वाटून बसवलेल्या असतात, म्हणून तिला मागून कुणी ढकलावं लागत नाही. मोठ्यांच्या दृष्टीने प्रगती. ती डौलात निघून गेली आणि आमच्या बाकावर चक्क रडारड झाली. “ढकलइंजिन कुठंय?” मी सांगायचा प्रयत्न केला, पण अडीच-पावणेतीनच्या वयात डब्यांखालच्या मोटारींवर कुणाचा विश्वास बसत नाही. पाठोपाठ रिकामी इंजिनं घाट उतरून आली म्हणून निभावलं.

हल्ली विचारणाऱ्यांपैकी काही जण शेवटी हळूच म्हणतात, आम्हालाही एकदा घेऊन चला, आमचा पण असाच आहे. जरूर चला. फक्त शनिवार-रविवार नको. पावसाळ्यातल्या सुट्टीला कर्जतच्या लोकलमध्ये धबधब्यांवर निघालेल्या पोरांचे घोळके असतात, त्यात लहान मूल म्हणजे शिक्षा. मंगळवार-बुधवारी सकाळी निघा. त्या वेळी सगळं जग मुंबईकडे चाललेलं असतं आणि उलट दिशेच्या लेडीज डब्यात खिडकी मिळते. आणि वडा गाडी फलाटाला लागायच्या आधी घेऊन ठेवा. बँकर लागेपर्यंतच्या त्या मिनिटांत अख्खी एक्स्प्रेस वडेवाल्याला हाका मारत असते, तेव्हा त्याचं तुमच्याकडे लक्ष जायचं नाही, आणि तुमचंही त्याच्याकडे नसेल.