बिनकामाचा उजेड

अमावास्येला दिवे लावले तर कुणी कारण विचारत नाही. आकाशात चंद्र नाही, रात्र काळीकुट्ट, मग दारात पणत्या येणारच. दिवाळीचा हिशेब इतका सरळ आहे. पण पौर्णिमेच्या दिव्यांचं काय? चिनी नववर्षाचा कंदिलांचा सण पहिल्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे ऐन पौर्णिमेला. श्रीलंकेत वेसाकचे, म्हणजे बुद्धपौर्णिमेचे, कागदी कंदील पौर्णिमेलाच लागतात. थायलंडमध्ये लोई क्राथोंगला केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती ठेवून पाण्यात सोडतात, तेही बाराव्या महिन्याच्या पौर्णिमेला. बहुतेक वर्षी त्याच चंद्राखाली काशीचे घाट देवदिवाळीच्या पणत्यांनी भरलेले असतात. वर आख्खा चंद्र असताना खाली एवढी तेलवात कशासाठी?

व्यवहारी उत्तर देता येतं. रस्त्यांवर दिवे नव्हते तेव्हा माणसं रात्री घराबाहेर पडायची ती चांदण्याच्या भरवशावर. नदीपर्यंत जायला, गर्दीत पोरं सांभाळायला, घरी परतायला पौर्णिमा सोयीची. म्हणजे वाट दाखवायचं काम चंद्राने करायचं आणि हातातला कंदील नुसता मिरवायचा! मला हे फार आवडतं. सणासुदीचा बराचसा उजेड असाच बिनकामाचा असतो, आणि त्याने तसंच असावं.

ज्यूंनी तर त्याचा नियमच करून टाकला. हनुक्का या त्यांच्या सणाच्या आठ रात्री ज्योती लावतात. पहिल्या रात्री एक, दुसऱ्या रात्री दोन, अशा वाढत्या. त्या उजेडात वाचायचं नाही, पैसे मोजायचे नाहीत, कसलंही काम उरकायचं नाही. बघत बसायचं, बस्स. आता ज्योत डोळ्यांसमोर असताना तिचा उजेड वापरायचा नाही म्हणजे करायचं काय? त्यावर तोड म्हणून नववा दिवा आला: शमाश, म्हणजे सेवक. बाकीच्या ज्योती पेटवायच्या त्याने, आणि चुकून कुणाचं काही काम झालंच तर तेही त्याच्या खात्यावर. धर्मशास्त्रातल्या पळवाटा एरवी मला खटकतात, पण या पळवाटेवर माझा जीव आहे.

या ज्योतींच्या संख्येवरूनही दोन हजार वर्षांपूर्वी वाद झाला होता. शमाई आणि हिलेल हे ज्यूंचे दोन धर्मपंडित. शमाईच्या पंथाचं म्हणणं, पहिल्या रात्री आठ लावा आणि रोज एक कमी करा. हिलेलचा पंथ म्हणाला, एकापासून वाढवत न्या. पवित्र गोष्टीत चढत जावं, उतरू नये. हिलेलवाले जिंकले ते बरंच झालं. सण संपता संपता एकुलती ज्योत उरलेली कुणाला पाहवली असती?

फ्रान्समधल्या लियाँ शहराची गोष्ट जरा वेगळी. 8 डिसेंबर 1852 रोजी फूर्व्हिएर टेकडीवर मेरीच्या पुतळ्याचं उद्घाटन व्हायचं होतं. खरं तर ते सप्टेंबरमध्येच होतं, पण सोन नदीच्या पुरामुळे पुतळा वेळेत तयार झाला नाही. डिसेंबरात त्याच दिवशी वादळ आलं आणि रात्रीची रोषणाई रद्द व्हायची वेळ आली. संध्याकाळी आभाळ निवळलं, तशी लोकांनी आपापल्या खिडक्यांत काचेच्या पेल्यांतल्या मेणबत्त्या आणून ठेवल्या. खिडकीच्या कठड्यावरच्या मेणबत्तीने घर काही उजळत नाही. तिचा उजेड रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला मिळतो. आज त्या दिवसांत तिथे प्रोजेक्टरचे भव्य खेळ होतात. ते बघायला गर्दीही लोटते, पण माझं मन त्या कठड्यावरच्या काचेच्या पेल्यांतच अडकतं.

क्योतोमध्ये मात्र उजेडाला नेमून दिलेलं काम आहे. 16 ऑगस्टच्या रात्री शहराभोवतीच्या पाच डोंगरांवर आगीने प्रचंड अक्षरं आणि आकृत्या रेखतात, त्या ओबोन या पितरांच्या सणासाठी घरी आलेल्या पूर्वजांना निरोप देण्यासाठी. आपल्या आकाशदिव्यामागेही पितरांना वाट दाखवण्याची कल्पना आहेच. उपयोग आहे खरा, पण तो आपल्याला नाही.

स्वीडनच्या लुसिया या सणाचं तर गणितच हुकलं. जुन्या कॅलेंडरप्रमाणे एके काळी 13 डिसेंबरची रात्र वर्षातली सर्वांत मोठी असे. कॅलेंडर बदललं, मोठी रात्र आठवडाभर पुढे गेली, पण डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट घेतलेल्या मुली मात्र तेरा तारखेलाच निघतात. (त्यातल्या पुष्कळ मेणबत्त्या आता बॅटरीच्या असतात, केसांचा प्रश्न आहे.)

या सगळ्यांवर ताण ऑस्ट्रेलियाची. तिथे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो. मेलबर्नमध्ये 1938 साली नॉर्मन बँक्स नावाच्या रेडिओ निवेदकाने मेणबत्त्यांच्या उजेडात नाताळगीतं म्हणायचा कार्यक्रम सुरू केला. आदल्या वर्षी त्याने एका बाईला खिडकीत मेणबत्ती लावून रेडिओवरची गीतं ऐकताना पाहिलं होतं. पहिला कार्यक्रम निदान मध्यरात्री झाला. आता तो संध्याकाळचा असतो, आणि डिसेंबरात तिथे सूर्य मावळायला साडेआठ वाजून जातात. लोक हिरवळीवर बसून लख्ख उजेडात मेणबत्त्या पेटवतात. शमाई आणि हिलेल दोघांचंही इथे नक्की एकमत झालं असतं: या ज्योतीचा चुकूनसुद्धा कुणाला उपयोग व्हायचा नाही, शमाशने खुशाल सुट्टी घ्यावी.