मागच्या खांबाक ऐकाक व्हया

स्नेहसंमेलनाच्या तालमीत आमचे मराठीचे गुरुजी स्टेजजवळ कधी बसले नाहीत. हॉलच्या टोकाला शेवटच्या खांबाला टेकायचे आणि तिथूनच ओरडायचे, "मागच्या खांबाक ऐकाक व्हया!"

नववीत मी कोकणातल्या दशावतारी नाटकातला संकासुर झालो, वेद चोरणारा राक्षस. अंगभर काळा कपडा, लोंबती लाल जीभ. दशावतारात संहिता नसते. आख्यान ठरवायचं आणि उभं राहून बोलायचं. गुरुजींनीही कागद दिला नाही. ऐन प्रयोगात जीभ सुटली ती थेट पेटीवाल्याच्या मांडीवर. मी म्हटलं, "वेद चोरलंय, आता जीभ कित्याक व्हयी?" हॉल हसला, आणि माझ्या डोक्यात हवा गेली ती गेलीच.

मुंबईत सात वर्षं नट म्हणून काढली. त्यातली दोन एका मालिकेत धाकटा दीर म्हणून. मग लेखकांनी मला अपघातात मारलं. रिकामपणी मच्छीमार वस्त्यांत पथनाट्यं करू लागलो. प्रयोग संपला की कुणीतरी विचारायचंच, "ता ठीक, पण कायद्यात काय लिवलासा?" मला सांगता यायचं नाही. तिशी उलटल्यावर धोरण आणि कायदा शिकायला पुन्हा बाकावर बसलो. आता किनाऱ्याच्या नियमांचंच काम करतो.

इथे दशावताराच्या उलट. सगळं कागदावर, तोंडी कुणी सांगत नाही. सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवर काय करता येतं नि काय नाही हे ठरवणारी, अधिसूचना १९९१ ला आली, मग २०११ ला नवी, २०१९ ला आणखी एक. मच्छीमारांच्या सामायिक जागा, मासे सुकवायच्या जागा गावपातळीच्या नकाशात दाखवायच्या, असं त्यात स्पष्ट आहे. पण वाचणार कोण? अशाच नकाशांच्या एका सुनावणीत साहेब खाली मान घालून "उच्चतम भरती रेषा" वाचत होते. पुढची रांग पेंगत होती. मी उठलो आणि तेच मालवणीत सांगू लागलो, नजर सवयीने शेवटच्या खांबाकडे. तिथली एक म्हातारी उठून नकाशापाशी आली.

"झिला, ह्यात आमची रापण खंय सुकता?"

नकाशात तिथे नुसती मोकळी वाळू. रापण ओढायला निम्मा वाडा लागतो, आणि ते जाळं पसरायला किती वाळू लागते ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. हरकत लिहून घेतली. अंगठा उठवताना म्हातारी माझ्याकडे निरखून बघत होती.

"तू त्या सिरेलीत मेललंस, तोच मां?"