बारा सत्तेचाळीस

पुण्याची मावशी मला अजून ‘दारूबंदीवाली’ म्हणते. महाराष्ट्रात कायद्याचंच नाव दारूबंदी, त्यामुळे तिचा दोष नाही. इथे मध्य प्रदेशात आमचं खातं आबकारी. दारू बंद करणं हे आमचं काम नव्हे. ती केव्हा, कुठे आणि कुणाला ओतली जाते एवढंच आम्ही बघायचं.

त्या रविवारी सकाळी फोन आला तेव्हा मारामारी होऊन पाच-सहा तास झाले होते. इंदूरच्या विजयनगरच्या बाजूचा पब, शनिवारची गर्दी, दोन टोळक्यांची वादावादी आणि एका पोराच्या मानेत फुटलेली बाटली. पोलिसांनी त्यांचा गुन्हा नोंदवला होता. माझ्याकडे आलं ते लायसन्स.

मालकाने फाइल तयारच ठेवली होती. एफएल-२ म्हणजे रेस्टॉरंट-बारचं लायसन्स, फी भरल्याची पावती, सगळं प्लास्टिकच्या कव्हरात. “झगड़ा तो सड़क पे हुआ, मैडम. अंदर तो एक गिलास नहीं टूटा.” हे खरंही होतं. नुसत्या भांडणावरून लायसन्सला हात लावता येत नाही, शर्त मोडल्याचं दाखवावं लागतं. आमच्याकडे रात्री साडेअकरानंतर पेला भरायचा नाही, बारानंतर तो टेबलावर दिसायचा नाही, आणि एकवीसच्या आतल्याला द्यायचाच नाही.

बिलं पाहिली. शेवटचं ११:२४ चं. कॅमेऱ्यात शेवटचं गिऱ्हाईक ११:४१ ला जिना उतरलेलं. पोलिसांना पहिला फोन १:०४ चा. मालकाचं म्हणणं, पोरं गेली, तासभर कुठेतरी भटकली, मग रस्त्यावर येऊन भांडली. इंदूरचा शनिवार इतका शिस्तीचा मी दहा वर्षांत पाहिला नव्हता.

मी माझा मोबाइल कॅमेऱ्यासमोर धरला आणि ऑपरेटरला स्क्रीन बघायला सांगितली. डीव्हीआरचं, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणाऱ्या यंत्राचं, घड्याळ एक तास सहा मिनिटं मागे होतं. “बैटरी वीक होगी,” मालक म्हणाला. आतला सेल मेला की घड्याळ वर्ष-महिन्यासकट भलतीकडेच जातं, तारीख बरोबर ठेवून नेमकं तासाभराने मागे पडत नाही. पण आज मागे आहे म्हणजे त्या रात्रीही होतं, हे सिद्ध कसं करणार? बिलाच्या कॉम्प्युटरचंही घड्याळ त्यांच्याच हातात. मग तो म्हणाला, आता तर रात्रभर बाजार चालतो. बीआरटीएस बसमार्गावर रात्रभर दुकानं उघडी ठेवायची ती सूट २०२२ मध्ये आली आणि २०२४ मध्ये गेली, आणि असतानाही बारला नव्हतीच. हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं.

त्याच्या हातात नसलेलं घड्याळ एकच होतं, बँकेचं. क्यूआरवर कुणीतरी पैसे भरलेच असणार.

एम.वाय. हॉस्पिटलच्या वॉर्डात पोराचे वडील भेटले, देवासहून रात्रीच धावत आलेले. माझ्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचून ते मराठीवर आले. “ताई, आमचा मुलगा घेत नाही हो. मित्रांसोबत गेला असेल.” त्याचा फोन, घड्याळ आणि एक बूट पिशवीत होता. दुसरा बूट मिळालाच नव्हता.

तिसऱ्या दिवशी तो शुद्धीवर होता, पण मानेच्या टाक्यांमुळे बोलता येत नव्हतं. मी काय बघायचंय ते सांगितलं. त्याने वडिलांकडे बघितलं नाही, फक्त अंगठा पुढे केला. वडिलांनीच स्क्रीन वर सरकवली, त्यामुळे माझ्याआधी त्यांनी वाचलं. पबच्या नावाने २,१४० रुपये. रात्री १२:४७.

“हे तुम्हाला दिलं तर त्याच्यावर काय येईल?”

खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं, आमची केस विकणाऱ्यावर आहे; पण पोलिसांच्या केसमध्ये समोरचा वकील हाच कागद काढून ‘हा तर प्यायलेला होता’ म्हणेल. ते उठून बाहेर गेले. पंधरा-वीस मिनिटं खिडकीशी उभे होते. मला वाटलं, संपलं. पण आत आले ते एवढंच विचारत, “सही कुठे करायची?”

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच दहावीची गुणपत्रिका घेऊन ऑफिसात आले. मी मागितलीही नव्हती. घटनेच्या दिवशी पोराचं वय वीस वर्षं चार महिने होतं.

कारण बताओ नोटीस, उत्तर, मग मोती तबेल्यातल्या कचेरीत कलेक्टरांसमोर सुनावणी. वकील दोन, युक्तिवाद लांबलचक. पण १२:४७ चं उत्तर दोघांकडेही नव्हतं. महिनाभरासाठी लायसन्स निलंबित झालं. अपील अर्थातच ग्वाल्हेरला गेलं, मोतीमहालात, आबकारी आयुक्तांकडे.

मला अजून खुपतो तो जिना. फुटेजमध्ये स्पष्ट दिसतं: बाउन्सर दोन्ही टोळक्यांना एकदमच, त्याच अरुंद जिन्याने खाली ढकलतायत, आणि मागच्या दाराला कुलूप आहे. एकांना पाच मिनिटं आत बसवून ठेवलं असतं तर मान शाबूत राहिली असती, असं माझं मत. त्यावर मी अहवालात अर्धं पान लिहिलं. आदेशात वेळ आली, वय आलं, जिना नाही. शर्तींत जिन्याचं कलमच नाही.

सील करायला मीच गेले. उघडलेल्या बाटल्यांतली दारू पेगच्या मापाने मोजून पंचनाम्यात लिहावी लागते, त्यात दुपार गेली. पोऱ्या खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवत होता. पगार मिळेल का, असं त्याने मला विचारलं. मी मालकाकडे बोट दाखवलं.

दोन महिन्यांनी देवासहून फोन आला. आवाज पटकन ओळखू आला नाही.

“ताई, ती गुणपत्रिका परत मिळेल का? कॉलेजात मूळ प्रत मागतायत.”

घाईत मी मूळ प्रतच फाइलला लावली होती, आणि फाइल ग्वाल्हेरला होती.