बघायचं, पण हात लावायचा नाही

'किल करू का?', म्हणजे अडकलेला प्रोग्रॅम जबरदस्तीने बंद करू का, असा मेसेज ग्रुपवर आला, तेव्हा जॉब आदल्या दिवशी सकाळपासून चालू होता. क्लायंटच्या जुन्या बिलांची एकेक नोंद घ्यायची, बाहेरच्या एका एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमला इंटरनेटवरून उत्तरं देणाऱ्या सेवेला, विचारून पडताळायची आणि सगळा निकाल शेवटी एकदम फाइलीत लिहायचा, असा पायथनचा प्रोग्रॅम. गोम होती त्या 'शेवटी एकदम'मध्ये. तोपर्यंत सगळं मेमरीत. किल केलं की झालेलं काम पाण्यात. आणि लॉग, म्हणजे प्रोग्रॅम लिहीत जातो ती नोंदवही, रात्री दोनच्या सुमारास गप्प झालेला.

सर्व्हर क्लायंटचा. तो सांभाळणाऱ्या मॅडमनी रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेला, ॲक्सेस दिला, तोही तंबी देऊन: "बघा हवं तेवढं, पण त्या प्रोसेसला काही करू नका. विचारल्याशिवाय तर नाहीच."

अट ऐकायला सोपी आहे. डीबगर (चालू प्रोग्रॅमच्या आत डोकावायचं साधन) जोडणं म्हणजे नुसतं बघणंच, असं आपण धरून चालतो. तसं नसतं. एस-ट्रेस (सिस्टिम कॉल दाखवणारा) आणि जीडीबी (डीबगर) हे दोन्ही कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पी-ट्रेस या सोयीवर चालतात. जीडीबी जोडला की सगळे थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधले समांतर चालणारे धागे, जागच्या जागी थांबतात, तुम्ही सोडेपर्यंत. एस-ट्रेस प्रत्येक सिस्टिम कॉलला, म्हणजे प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेल्या मागणीला, दोनदा अडवतो, आत जाताना आणि बाहेर पडताना. धडाधड कॉल करणारा प्रोग्रॅम त्यामुळे रांगायला लागतो. शिवाय जोडताना स्टॉप सिग्नल गेला, तर चालू असलेला कॉल मध्येच एरर घेऊन परत येऊ शकतो. पी-ट्रेसच्या मॅन पेजवर (माहितीपानावर) हे लिहिलेलंच आहे, फक्त तिथवर कुणी वाचत नाही. जीडीबीचं 'प्रिंट' तर नावालाच प्रिंट. त्यात बरोबरचं चिन्ह टाकलंत तर व्हेरिएबलची किंमत बदलते, फंक्शनचा कॉल लिहिलात तर ते फंक्शन त्या प्रोसेसमध्ये खरोखर चालतं.

म्हणून मी क्रम असा धरला: ज्याचा प्रोसेसला पत्ताही लागत नाही ते आधी, थांबवणारं सगळ्यात शेवटी, आणि शक्यतो नाहीच.

पत्ता न लागणारं बरंच काही लिनक्समध्ये 'प्रॉक'खाली पडलेलं असतं. प्रोसेसच्या नंबराच्या फोल्डरमधली 'स्टेटस' फाइल उघडली. स्टेट एस, म्हणजे झोपलेला. 'टॉप' कमांडमध्ये सीपीयू शून्य. म्हणजे लूपमध्ये गरगरत नाहीये, कशाची तरी वाट बघतोय. त्याच फाइलीत 'ट्रेसर-पीआयडी' अशी एक ओळ असते, तीही बघितली. तिथे शून्य होतं, म्हणजे आमच्या आधी कुणी उत्साहाने डीबगर लावून बसलेलं नव्हतं. एका वेळी एकच ट्रेसर जोडता येतो, त्यामुळे हे बघून घेतलेलं बरं.

मग 'टास्क' फोल्डरमधल्या प्रत्येक थ्रेडची 'सिस्कॉल' नावाची फाइल. ही फाइल मला फार आवडते आणि लोक तिला विसरतात. थ्रेड ज्या कॉलमध्ये अडकलाय त्याचा नंबर आणि आर्ग्युमेंट्स, सगळं एका ओळीत, काही न थांबवता. बहुतेक थ्रेडमध्ये सुरुवातीला २०२ दिसलं. ६४ बिटच्या इंटेल-एएमडी मशीनवर २०२ म्हणजे फ्युटेक्स, थ्रेडना एकमेकांसाठी थांबवणारा कॉल, म्हणजे ही मंडळी कुणा दुसऱ्यासाठी ताटकळलेली. एकाच थ्रेडची ओळ वेगळी: शून्य, पुढे ९, मग मेमरीचा एक लांबलचक पत्ता, मग ५. शून्य म्हणजे रीड. ९ हा फाइल डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फाइलीचा किंवा कनेक्शनचा नंबर. आणि ५? टीएलएसच्या, म्हणजे एन्क्रिप्टेड कनेक्शनच्या, प्रत्येक रेकॉर्डला ५ बाइटचं हेडर असतं, ते हाताळणारी ओपन-एसएसएल लायब्ररी आधी तेवढंच मागते. म्हणजे समोरून उत्तराचं हेडरसुद्धा आलेलं नव्हतं.

'एफडी' फोल्डरमध्ये ९ हे सॉकेट, म्हणजे नेटवर्क कनेक्शनचं आपल्याकडचं टोक, निघालं. 'एसएस' कमांडने त्याची ओळ काढली. कनेक्शन एस्टॅब्लिश्ड, दोन्ही क्यू शून्य, म्हणजे ना काही पाठवायचं बाकी ना वाचायचं, पलीकडे पोर्ट ४४३, म्हणजे एचटीटीपीएस. टायमरचा रकाना रिकामा. 'लास्ट-रिसीव्ह', म्हणजे शेवटचा डेटा किती वेळापूर्वी आला ते, मिलिसेकंदांत असतं; भागाकार केला तर वेळ लॉग गप्प झाला तिथेच येऊन पोचली.

मधली एखादी फायरवॉल कनेक्शन विसरली की नेमकं असं होतं. ती दोन्हीकडे कुणालाच कळवत नाही. आपल्याला पाठवायचं काही उरलेलं नाही, त्यामुळे रिट्रान्समिशन (पुन्हा पाठवणं) नाही, त्यामुळे संशय येण्याचं कारणच नाही. कीप-अलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का ते तपासणं, मुद्दाम चालू करावं लागतं, आणि केलं तरी लिनक्सवर पहिली तपासणी डीफॉल्टने ७२०० सेकंदांनी. इथे टायमरच नव्हता. हा रीड जन्मभर तसाच बसला असता.

कोडमधली ओळ हवी होती म्हणून पाय-स्पाय घेतलं. ते बाहेरूनच प्रोसेसची मेमरी वाचून पायथनचा स्टॅक, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फंक्शनच्या कुठल्या ओळीवर आहे ते, दाखवतं. एरवी वाचताना तेही प्रोसेसला क्षणभर थांबवतं, पण 'नॉनब्लॉकिंग' पर्याय दिला की थांबवत नाही. चालू प्रोग्रॅमवर अशा वाचनात गफलत होऊ शकते. आमचा तर ढिम्म बसलेला, त्यामुळे स्टॅक स्वच्छ आला. पायथनच्या 'रिक्वेस्ट्स' लायब्ररीचा 'गेट' कॉल, आणि त्याला टाइमआउट दिलेला नाही. लोकल व्हेरिएबल्स दाखवायचा पर्यायही आहे, पण त्यात टोकन, पासवर्ड सगळं उघडं पडतं, आणि आउटपुट मी ग्रुपवर टाकणार होतो. तो वापरला नाही.

इथवर बघणं संपलं. सोडवायचं तर हात लावणं आलंच, तेव्हा मॅडमना फोन. कोडमध्ये कनेक्शन एरर आली तर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय होती. फक्त ती एरर कुणीतरी द्यायला हवी होती. 'एसएस'ला मोठा के लावून एखादं कनेक्शन तोडता येतं, कर्नलमध्ये तशी सोय असेल तर. इथे होती.

"म्हणजे प्रोसेस मरणार नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही, फक्त तो रीड एरर घेऊन परत येईल. पुढचं कोडच्या हातात."

त्यांनी रिट्रायचा भाग स्क्रीन शेअर करून स्वतः वाचला, मगच हो म्हणाल्या. मला ते पटलं. मी आयपीबरोबर लोकल पोर्टही दिला, नाहीतर त्याच एपीआयशी बोलणारी दुसरी कनेक्शनंही गेली असती. लॉगमध्ये लगेच एरर १०३, 'कनेक्शन अबॉर्ट', आणि खाली पुढच्या बिलाचा नंबर. जॉब त्या संध्याकाळी संपला, फाइल लिहिली गेली.

नंतर कोडमध्ये टाइमआउट घातला आणि निकाल अधूनमधून फाइलीत उतरवायची सोय केली. टाइमआउट ६० सेकंद ठेवलाय. तो पूर्ण रिक्वेस्टचा नसतो, डेटाच्या दोन तुकड्यांमधल्या शांततेचा असतो. समोरचा थेंबथेंब डेटा पाठवत राहिला तर तो लागूच होत नाही. त्यासाठी वेगळा वॉचडॉग, म्हणजे एकूण वेळेवर नजर ठेवणारा कोड, लागेल, आणि तो अजून कुणी लिहिलेला नाही.