मुक्कामी गाडीतलं औषध

मे महिन्यातली टळटळीत दुपार. त्या वेळेला आमच्या मेडिकलमध्ये चिटपाखरू नसतं. नेमकी ती वेळ साधून एसटीतले कंडक्टर काका आले आणि विचारलं, "साहेब नाहीत का?"

साहेब म्हणजे माझे मिस्टर. फार्मसीची पदवी माझी, ते नुसता हिशेब बघतात. पण कमरेखालचं दुखणं असलं की गावातल्या प्रत्येक पुरुषाला साहेबच हवे असतात.

"बाहेरगावी गेलेत. मला सांगा की."

काकांनी रस्त्याकडं एकदा बघून घेतलं. "ताई, ते औषध लागू पडंना. रक्त थांबत नाही, वर कपडे खराब होतात."

दुर्बिणीची तपासणी होऊन गुदाशयाला सूज असल्याचं निदान झालेलं. डॉक्टरांनी सुजेवरच्या मेसालामाइन या औषधाच्या 1 ग्रॅमच्या सपोझिटरी, म्हणजे संडासच्या जागेतून आत सरकवायच्या गोळ्या, लिहिल्या होत्या, रोज झोपताना एक. पंधरा दिवसांपूर्वी मीच दिलेल्या. गिऱ्हाईक खोळंबलं होतं म्हणून पाकिटावर 'रात्री 1' एवढंच खरडून मोकळी झाले होते.

"उरलेल्या दाखवा."

त्यांनी तिकिटाच्या पत्र्याच्या पेटीतून पट्टी काढली. उन्हानं तापलेली, हाताला चटका बसावा अशी. आतलं औषध वितळून एका बाजूला साचलेलं, टोकाचा पत्ता नाही. सपोझिटरी चरबीसारख्या पदार्थात बनवलेली असते, अंगाच्या उबेनं विरघळावी म्हणून. पेटीतली ऊब तर त्याच्या वरताण.

"निम्मा आठवडा मुक्कामी गाडी. रात्री ड्रायव्हर शेजारी झोपलेला, त्याच्यासमोर कसं घ्यायचं? म्हणून पहाटे घेतो. पण लगेच संडासला लागते."

म्हणजे औषध आत टिकतच नव्हतं. ते जिथं सूज आहे तिथंच काम करतं; एक ते तीन तास तरी आत राहायला हवं, रात्रभर राहिलं तर उत्तमच.

काकांना आतल्या बाकावर बसवलं आणि पेनचं टोपण घेऊन पहिल्यापासून सांगितलं. आधी संडासला जाऊन यायचं, हात धुवायचे. वेष्टन काढून पाण्याचं बोट लावायचं. डाव्या कुशीवर, उजवा गुडघा पोटाशी, टोक पुढं. बोटानं हळूच, आवळणारा स्नायू ओलांडेपर्यंत सरकवायचं आणि पडून राहायचं. दहा मिनिटांच्या आत बाहेर आली तर दुसरी घ्यायची. डाग पडतात, तेव्हा जुनी चादर. ॲस्पिरिननं कधी अंगावर उठलं होतं का, तेही विचारलं. ही त्याच कुळातली. नाही म्हणाले. पोटात कळा, रक्ताचे जुलाब वाढले, ताप किंवा पुरळ आलं तर बंद करून लगेच डॉक्टरांना फोन. आणि संडासात ब्लीच टाकलेलं असेल तर लघवी पडल्यावर तांबूस दिसेल, ते रक्त समजून घाबरायचं नाही.

"बर्फाच्या खणात ठेवू?"

"फ्रीजमध्ये ठेवा, पण बर्फात नको."

वितळलेली पट्टी ठेवून घेतली, नवी दिली. म्हटलं, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन डेपोत थोडे दिवस मुक्काम टाळून मागा.

"काय म्हणून सांगू?"

"पोटाचं म्हणा."

"पोटाचं म्हटलं तर ओवा खा म्हणतील." पहिल्यांदाच हसले. पट्टी पेटीत टाकायला गेले, थबकले आणि रुमालात गुंडाळून पाण्याच्या थंड बाटलीशेजारी पिशवीत ठेवली. पायरी उतरून पुन्हा वर आले.

"ताई, साहेबांना मात्र सांगू नका."