आधी ‘की’, मग ‘डोख’

जर्मनीला यायची तयारी करणाऱ्या मुलामुलींचे मला मेसेज येतात. जर्मन भाषेची बी-वन ही मधली पातळी झालेली असते, डेअर-डी-डास म्हणजे नामांची लिंगं पाठ असतात, तरी एक प्रश्न हमखास असतो: माणसं बोलताना मधेमधे डोख, माल, या, डेन, हाल्ट असलं काहीतरी पेरतात, ते काय आहे? डिक्शनरी म्हणते ‘डोख’ म्हणजे ‘तरीही’, ‘डेन’ म्हणजे ‘कारण’, ‘या’ म्हणजे ‘हो’. पण वाक्यात घालून बघावं तर अर्थच लागत नाही.

व्याकरणात यांना मोडल पार्टिकल म्हणतात. खुद्द जर्मन पंडितांनीही यांना फार काळ भरताडच मानलं. 1969 मध्ये हाराल्ड वाय्ट या भाषाशास्त्रज्ञाने यांच्यावर पुस्तक लिहिलं, तेव्हापासून यांच्याकडे गांभीर्याने बघायला सुरुवात झाली. आपल्या क्लासांमध्ये मात्र अजूनही यांची वासलात शेवटच्या दहा मिनिटांत लागते, आणि तीही इंग्रजीतून. माझ्या मते सगळं अडतं ते तिथेच. इंग्रजीत या शब्दांना धड जोडीदार नाहीत. मराठीत आहेत, आणि ढिगाने आहेत.

‘डोख’च घ्या. कुणी विचारलं, “तू येत नाहीयेस का?” तर जर्मन माणूस ठासून एवढंच म्हणतो, “डोख!” आपण काय म्हणतो? “येतेय की!” मैत्रीण आग्रह करते, “कोम डोख मिट.” म्हणजे “चल की आमच्याबरोबर.” आई वैतागते, “डास हाब इश डिअर डोख गेझाक्ट.” म्हणजे “सांगितलं होतं की तुला!” नकार खोडायला, आग्रहाला आणि वैतागाला, तिन्हीकडे एकच ‘डोख’ आणि एकच ‘की’. हे लक्षात आलं तेव्हा मी एस-बानमध्ये एकटीच हसत होते. (एस-बान म्हणजे इथली, श्टुटगार्टची लोकल. श्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी-शहरं आहेत, पण गर्दीच्या बाबतीत बहिणी मुळीच वाटत नाहीत.)

‘या’ आणि ‘डोख’ यांतला फरक मला केअरवोखेने शिकवला. केअरवोखे ही आमच्या श्वाबेन, म्हणजे श्टुटगार्टच्या आसपासच्या, भागातली खास प्रथा: इमारतीचा जिना झाडायची-पुसायची पाळी दर आठवड्याला एकेका घराकडे फिरते, आणि ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. खालच्या मजल्यावरच्या आजी जिन्यात भेटून म्हणाल्या, “झी हाबेन या केअरवोखे,” तर ते साधं बोलणं झालं. तुमची पाळी आहेच, तुम्हालाही ठाऊक, मलाही ठाऊक. त्याच आजी “झी हाबेन डोख केअरवोखे” म्हणाल्या, तर मुकाट्याने बादली काढायची. कारण त्याचं मराठी होतं, “अहो, तुमची पाळी आहे की!” आणि त्याच्या पोटात असतं, “विसरलात वाटतं.” दोन्ही वाक्यांत माहिती तीच, पण दुसऱ्यात जिना अजून मळलेला असतो.

‘माल’ सोपा आहे, तो आपला ‘जरा’. “गिब मिअर माल डास झाल्त्स”, जरा मीठ दे. ‘माल’ काढला तर नुसता हुकूम उरतो. जर्मन माणसं तुसडी, असं आपल्याकडे म्हणतात ना? मला वाटतं, त्यातला बराचसा दोष या शब्दांचा. जर्मनमध्ये माणूस सगळं मार्दव या चिमुकल्या शब्दांत ठेवतो, आणि तोच माणूस आपल्याशी इंग्रजीत बोलायला लागला की ते शब्द गळतात, खाली खडखडीत वाक्य राहतं.

‘डेन’ प्रश्नातला. “वी हाइस्ट डू?” ऐकायला पोलीस चौकीतलं. “वी हाइस्ट डू डेन?” म्हणजे “नाव काय गं तुझं?” अचानक भेटलेल्या ओळखीच्याला “वास माख्स्ट डू डेन हिअर?” म्हणजे “तू इथे कशी काय?” बेकरीत ब्रेत्सेल घ्यायला गेलात तरी काउंटरमागून हाच ‘डेन’ येतो: “वास डार्फ्स डेन झाइन?” काय देऊ बरं? पण आवाज चढवून “वास विल्स्ट डू डेन?” म्हटलं, तर तेच “तुला हवंय तरी काय?” होतं. तेव्हा सूर सांभाळा.

माझा लाडका मात्र ‘रूइश’. खरा अर्थ ‘शांत’, पण “झेट्स डिश रूइश” म्हणजे “शांत बस” नव्हे, तर “खुशाल बस”! ‘शोन’ हा धीर देणारा: “डास विर्ड शोन”, होईल हो सगळं. “इस्ट हाल्ट झो” म्हणजे चालायचंच. उत्तरेकडे ‘हाल्ट’च्या जागी ‘एबन’ जास्त ऐकू येतो, आणि ऑस्ट्रियात ‘ए’ नावाचा एकाक्षरी पठ्ठ्या आहे, तो आपला ‘नाहीतरी’: “इश गेए ए हिन”, मी नाहीतरी जातेच आहे.

वापरताना मोजक्याच गोष्टी सांभाळायच्या. हे शब्द वाक्याच्या तोंडाशी बसत नाहीत, आणि एकत्र आले तर त्यांची रांग ठरलेली असते: ‘डोख माल’ चालतं, ‘माल डोख’ नाही. शिवाय, एकट्याने उत्तर म्हणून येणारा “डोख!” सोडला, तर त्यांच्यावर जोर द्यायचा नाही. “कोम डोख माल फोअरबाय” (ये की एकदा घरी) म्हणताना ‘डोख’ जवळजवळ गिळायचा. जोर दिलात की तो दुसराच शब्द होतो. सरकारी कचेरीला अर्ज लिहिताना मात्र हे सगळे गाळा, तिथे ते शोभत नाहीत.

श्वाबेन आणि बव्हेरियात आणखी एक भेटेल: ‘फाय’. “डेस इश फाय नेट बिलिश.” हे काही स्वस्त नाही हं! तोच तो आपला दटावणीचा ‘हं’. बाजारात भाजीवालीकडून तो दर शनिवारी ऐकते, अर्थ शंभर टक्के कळतो, पण तोंडातून अजून निघत नाही. आजी म्हणतात, “डास कोम्ट शोन.” येईल हो.