ग्रबचं काही चुकलं नव्हतं

शनिवारी रात्री बारावीचा सराव पेपर काढून संपवला आणि उबुंटूचे (माझ्या मशीनवरच्या लिनक्सचे) साठलेले अपडेट लावायला घेतले. त्यात नवीन कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, होता. शेवटी टर्मिनलवर 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' आणि त्याखाली पॅकेजं बसवणाऱ्या डीपीकेजीची कुरकुर. डोळ्यांवर झोप होती. मनात म्हटलं, ग्रब (मशीन सुरू होताना कर्नल निवडून चालू करणारा प्रोग्राम) नीट बसला नसेल, आणि सवयीने 'सुडो अपडेट-ग्रब' मारून त्याची कर्नलची यादी नव्याने बनवली आणि रीबूट केलं.

काळा पडदा. 'कर्नल पॅनिक', त्याच्या आसपास 'अननोन-ब्लॉक (0,0)', आणि कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकतोय. भाच्याला फोन लावला. तो इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मावशी, फॉरमॅट मार आणि नवीन टाक." पेपर त्याच मशीनवर, बॅकअप मागच्या आठवड्याचा. म्हटलं, तू झोप बाबा.

बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं. या वेळी ग्रबचा मेनू आपणहून आला आणि 30 सेकंद थांबला. एरवी तो दिसतही नाही. पण मागचं बूट पूर्ण झालं नाही, हे ग्रब टिपून ठेवतो. 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये जाऊन आधीचा कर्नल निवडला. डिस्कचा पासवर्ड मागणारी चौकट दिसली आणि जीव भांड्यात पडला.

मग शांतपणे परत अपडेट-ग्रब चालवलं आणि या वेळी त्याचं आउटपुट वाचलं. प्रत्येक कर्नलसाठी दोन ओळी येतात: 'फाउंड लिनक्स इमेज', म्हणजे कर्नलची फाइल सापडली, आणि तिच्याखाली 'फाउंड इनिटआरडी इमेज', म्हणजे सुरुवातीला कर्नलला लागणारी मदतनीस फाइल सापडली. सगळ्यात वरच्या, नव्या कर्नलला दुसरी ओळच नव्हती!

माझी डिस्क एनक्रिप्ट केलेली आहे, म्हणून /बूट, म्हणजे या फाइलींची जागा, हे डिस्कवर वेगळं पार्टिशन, तेही 512 एमबीचं. तीन जुने कर्नल आणि प्रत्येकाची साधारण 135 एमबीची इनिटआरडी. नव्याची 14 एमबीची इमेज कशीबशी मावली, इनिटआरडी मावली नाही. आणि कुलूप उघडून खरी डिस्क जोडायचं काम तीच करते. म्हणजे किल्ली बाहेर ठेवून कर्नलला आत कोंडल्यासारखं.

चिडचिड झाली ती स्वतःवरच. इनिटआरडी बनली नाही म्हणून डीपीकेजी तिथेच अडलं होतं, पुढे मेनूत नवा कर्नल घालायच्या पायरीपर्यंत ते गेलंच नव्हतं. काही न करता रीबूट केलं असतं, तर जुन्याच कर्नलवर मशीन मुकाट चालू झालं असतं. अर्धवट कर्नल यादीत सगळ्यात वर नेऊन बसवला मी!

आता आधी जागा हवी. पॅकेजं टाकणाऱ्या-काढणाऱ्या एपीटीने हात वर केले, कारण आधीचं काम अर्धवट. 'युनेम -आर' करून चालू कर्नल कोणता ते पाहिलं, आणि त्याला धक्का न लावता सगळ्यात जुन्याची इनिटआरडी होम फोल्डरमध्ये हलवली. पुसली नाही. मग अडलेलं काम पुरं करायला 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए'. पंखा घोंघावला, इनिटआरडी बनली, ग्रबची यादीही झाली. या वेळी दोन्ही ओळी! रीबूट, पासवर्ड, डेस्कटॉप. नंतर 'ऑटोरिमूव्ह'ने जुने कर्नल काढले.

दीड वाजला होता. पेपर उघडला, तर सातव्या प्रश्नात भिंगाचं नाभीय अंतर द्यायलाच विसरले होते.